इंजिन टेबलबेसमध्ये नक्की कधी डोकावतं? (वजीर विरुद्ध हत्ती, भाच्याचा हातचा गेलेला डाव)

मामा_भुसावळ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय. भाचा १३ वर्षांचा आहे, मागच्या रविवारी एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत त्याच्याकडे वजीर आणि समोरच्याकडे हत्ती असं उरलं. प्यादी एकही नाही. सगळे म्हणत होते जिंकलाच आता, आणि हा पठ्ठ्या ५० खेळ्या नुसता शह देत राहिला, हत्ती काही हाताला लागेना, शेवटी समोरच्या मुलीने ५० खेळ्यांचा नियम (इतक्या खेळ्यांत काही मारलं नाही, प्यादं हललं नाही तर बरोबरी) सांगून बरोबरी मागितली आणि ती मिळाली. परतीच्या गाडीत एक शब्द बोलला नाही तो.

घरी येऊन आम्ही दोघांनी ती पोझिशन कॉम्प्युटरवर लावली. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (खेळणारा प्रोग्राम) आहे आमच्याकडे, आणि क्लासमधल्या एका दादाने पाच सोंगट्यांपर्यंतच्या सिझिजी नावाच्या टेबलबेस फायली (थोड्या सोंगट्यांच्या प्रत्येक पोझिशनचा आधीच काढून ठेवलेला निकाल) पेनड्राइव्हवर दिल्या होत्या त्याही जोडल्या. तर इंजिन सरळ २०० च्या आसपास आकडा दाखवतं. इतक्या खेळ्यांत मात असं नाही, नुसतं २००. लिचेस या साइटवर तीच पोझिशन लावली तर तिथे डीटीझेड आणि डीटीएम असे दोन वेगळेच आकडे. आता पोरगा विचारतोय की मामा इंजिन विचार करतंय का कुठलं तरी पुस्तक उघडून बघतंय, आणि पुस्तक बघत असेल तर मग ते हुशार कसं? मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का, पोराला वाचून दाखवणार आहे.

स्नेहल_पटावर
मामा, भाच्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे. मी स्टॉकफिशचा कोड बऱ्यापैकी वाचलाय त्यामुळे तेवढं सांगते.

आधी २०० चं. तो आकडा म्हणजे मोजून काढलेलं मूल्यांकन नाही, "टेबलात बघितलं, हे जिंकलेलं आहे" असं सांगायची ती खूण आहे. जुन्या व्हर्जनला १३२ किंवा १५३ च्या आसपास दिसायचं, लीला या दुसऱ्या इंजिनला १२८ च्या आसपास दिसतं, प्रत्येकाने आपापला आकडा ठरवलाय. मात किती खेळ्यांत हे तो सांगत नाही कारण सिझिजीच्या फायलींमध्ये ती माहितीच नसते!

सिझिजीत दोन प्रकारच्या फायली असतात. एक डब्ल्यूडीएल, म्हणजे जिंकलं, हरलं का बरोबरी एवढंच. दुसरी डीटीझेड, म्हणजे ५० खेळ्यांचा काउंटर परत शून्य व्हायला (कोणतीही मारामारी किंवा प्याद्याची चाल) किती अर्ध्या खेळ्या लागतील. तुमच्या पेनड्राइव्हवर २९० फायली असतील बघा, १४५ या आणि १४५ त्या, मिळून १ जीबीच्या आत. लिचेसवर जो डीटीएम दिसतो तो मातपर्यंतचा आकडा, तो वेगळ्या टेबलांतून येतो आणि तिथे पाच सोंगट्यांपर्यंतच दिसतो.

राजे धरून सोंगट्या मोजायच्या हं. म्हणजे वजीर विरुद्ध हत्ती हे चार सोंगट्यांचं एंडगेम.

गार्गी१७
पण हे टेबल बनवतं कोण? म्हणजे प्रत्येक पोझिशन इंजिनला खेळायला लावतात का आधी?

हत्ती_सातव्या_रांगेत
नाही गार्गी, इंजिनचा इथे काही संबंधच नसतो, आणि हीच या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं मला वाटतं. मी २२ वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतोय, हे मी त्यांना असं सांगतो. लहान मुलांच्या मासिकात कोडं असतं ना, सशाला गाजरापर्यंत पोचवा, सगळीकडे वेड्यावाकड्या वाटा. हुशार पोर सशापासून सुरू करतच नाही, ते गाजरापासून मागे येतं. तसंच इथे.

वजीर विरुद्ध हत्ती घ्या. दोन राजे, एक वजीर, एक हत्ती ज्या ज्या प्रकारे पटावर मांडता येतील त्या सगळ्यांची यादी करायची. पट फिरवला, आरशात बघितला तर ज्या सारख्याच दिसतात त्या एकदाच धरायच्या, मग दोन राजांच्या फक्त ४६२ जोड्या उरतात. त्याला वजिराची ६४ घरं, हत्तीची ६४ घरं आणि चाल कोणाची म्हणून गुणिले २. झाले सुमारे ३८ लाख. एवढंच. आता या यादीत जिथे मात झालेलीच आहे तिथे खूण करायची. मग एक चाल मागे जायचं, जिथून एका चालीत तिथे पोचता येतं त्या सगळ्या "जिंकलेल्या". मग अजून एक मागे, काळ्याची प्रत्येक चाल जर जिंकलेल्या जागीच जात असेल तर ती पोझिशन "हरलेली". जिंकायला एक चाल पुरते, हरायला मात्र सगळ्याच वाटा बंद असाव्या लागतात, हा फरक मुलांना नीट सांगावा लागतो. असं मागे मागे जात राहायचं, एक वेळ येते की नवीन खूण करायला काही उरतच नाही. ज्यांच्यावर खूण झाली नाही त्या सगळ्या बरोबरी. यात कुठेही अंदाज नाही, "साधारण बरं आहे" नाही.

आणि हत्ती मारला गेला की पुढे काय, त्यासाठी वजीर विरुद्ध नुसता राजा हे टेबल आधी तयार लागतं. म्हणून छोटी टेबलं आधी, मोठी नंतर.

मामा_भुसावळ
सर, पोराला वाचून दाखवलं. ससा-गाजर लगेच कळलं त्याला, मलाच दोनदा वाचावं लागलं. तो विचारतोय प्यादं असेल तर? प्यादं वजीर झालं की टेबलच बदललं ना?

हत्ती_सातव्या_रांगेत
शाब्बास! बरोबर. प्यादं असलं की पट फिरवून सारखा धरता येत नाही, फक्त डावी-उजवी बाजू चालते, म्हणून प्याद्यांची टेबलं जास्त जागा खातात. आणि प्यादं आठव्या घरात गेलं की वजीर, हत्ती, उंट, घोडा चारही टेबलं लागतात.

सावेद्राची पोझिशन माहिती आहे का त्याला? १८९५ ची आहे. पांढरा राजा बी६, प्यादं सी६, काळा राजा ए१, हत्ती डी५, पांढऱ्याची चाल. प्यादं सी७, हत्ती डी६ शह, राजा बी५, हत्ती डी५ शह, राजा बी४, हत्ती डी४ शह, राजा बी३, हत्ती डी३ शह, राजा सी२. आता काळा खेळतो हत्ती डी४! वजीर केला की हत्ती सी४ शह, वजिराने मारलं की स्टेलमेट (काळ्याला चालच उरत नाही, म्हणजे बरोबरी). तर वजीर नाही करायचा, सी८ ला हत्ती करायचा. आता ए८ वरून मातीची धमकी, काळ्याला हत्ती ए४ करावंच लागतं, मग राजा बी३, हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मात, दोन्ही एकदम. संपलं.

म्हणजे प्यादं विरुद्ध हत्ती या टेबलाला हत्ती विरुद्ध हत्ती हे टेबल लागतं. हत्ती विरुद्ध हत्ती म्हणजे बरोबरी असं आपण तोंडपाठ धरतो, पण त्या टेबलातसुद्धा जिंकलेल्या पोझिशन्स आहेत आणि सावेद्राच्या डावातली ती त्यातलीच एक. माणसाला हे सापडायला किती डोकं लागलं, टेबलात ते मागून येताना आपोआप पडतं.

केतन_न्यूजर्सी
मस्त चाललाय धागा. थोडी साइजची माहिती. ३-४-५ सोंगट्या १ जीबीच्या आत. सहा सोंगट्या साधारण १५० जीबी. सात सोंगट्या साधारण १७ टीबी, त्यात ४२३ लाख कोटींच्या वर पोझिशन्स आहेत. सिझिजी रोनाल्ड डी मान यांनी २०१३ ला आणलं, सात सोंगट्यांचा संच बोजुन गुओ यांनी २०१८ ला पूर्ण केला. त्याच्या आधी नलीमोव्हची टेबलं चालायची, त्यात मातपर्यंतचा आकडा असायचा पण पाच सोंगट्यांनाच ७ जीबी आणि सहाला १.२ टीबी.

मी सहापर्यंतच्या घेतल्यात, एसएसडीवर ठेवा एवढंच सांगेन. माझ्याकडे आधी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होत्या आणि इंजिनचा स्पीड इतका पडायचा की फायद्यापेक्षा तोटाच. टेबल वाचणं म्हणजे फाइलमध्ये कुठेही उडी मारून दोन-चार बाइट आणणं, फिरत्या डिस्कला ते जमत नाही.

गार्गी१७
७ जीबीचं १ जीबी कसं केलं? माहिती कमी करून?

स्नेहल_पटावर
हो, आणि कुठली माहिती काढायची ते फार विचार करून ठरवलंय. तीन गोष्टी सांगते.

एक, मातीचा आकडा काढून टाकला. डब्ल्यूडीएलमध्ये पाचच उत्तरं असतात (तीन नाही पाच, त्याचं नंतर सांगते), त्यामुळे शेजारशेजारच्या पोझिशन्सची उत्तरं सारखीच येतात आणि ती दाबून छोटी करता येतात. सारख्या येणाऱ्या जोड्या शोधायच्या, जोडीला एक नाव द्यायचं, मग नावांच्या जोड्या शोधायच्या, असं करत करत.

दोन, डीटीझेड फाइल एकाच बाजूच्या चालीसाठी असते. दुसऱ्या बाजूची पोझिशन आली तर इंजिन स्वतः एक चाल पुढे जाऊन बघतं.

तीन, ही मला सगळ्यात आवडते. ज्या पोझिशनमध्ये समोरचं काहीतरी मारूनच जिंकता येतं तिथे टेबलात काय लिहिलंय याला अर्थच नाही, कारण वाचणारा कोड आधी मारामाऱ्या तपासून बघणार आहे. मग तिथे जे लिहिलं की फाइल जास्त दाबली जाईल ते लिहून टाकतात! म्हणजे सिझिजीची फाइल नुसती उघडून वाचली तर काही ठिकाणी चुकीचं उत्तर मिळेल, ती वाचायची रीत माहिती पाहिजे.

मामा_भुसावळ
बापरे. बरं मग माझा मूळ प्रश्न राहिलाच, इंजिन बघतं कधी? पटावर चार सोंगट्या उरल्यावर?

स्नेहल_पटावर
मामा, नाही, खूप आधी. इथेच सगळे फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पटावर समजा ११ सोंगट्या आहेत. टेबल लागू नाही. पण इंजिन डोक्यात पुढे २०-२५ चाली बघत असतं, हत्ती मारला, हत्तीने मारलं, उंट गेला, प्यादं गेलं, आणि त्या झाडाच्या एखाद्या फांदीच्या टोकाला सहाच सोंगट्या उरतात. तिथे पोचलं की इंजिन मूल्यांकन करत बसत नाही, डब्ल्यूडीएल फाइल उघडतं, बरोबरी म्हटलं तर बरोबरी, ती फांदी तिथेच तोडतं. म्हणजे "हत्ती बदलून घेऊ का नको" हा ११ सोंगट्यांचा निर्णय सहा सोंगट्यांच्या टेबलावरून होतोय. टेबलाची खरी ताकद इथे आहे, शेवटच्या चार सोंगट्यांत नाही. तिथे तर बहुतेक वेळा टेबल नसतानाही इंजिन जिंकतं.

आता बारकावा. झाडात असताना टेबल दर चालीला उघडत नाही. ५० खेळ्यांचा काउंटर शून्य असेल तेव्हाच, म्हणजे नुकतीच मारामारी झाली किंवा प्यादं सरकलं त्याच क्षणी. कारण टेबलातलं "जिंकलं" हे काउंटर शून्य धरून लिहिलेलं आहे. काउंटर ४० खेळ्यांवर असेल आणि हत्ती पकडायला अजून २५ लागणार असतील तर टेबल म्हणेल जिंकलं आणि पटावर होईल बरोबरी. तुमच्या भाच्याच्या डावात झालं तेच.

शिवाय कॅसलिंगचा (राजा-हत्ती एकाच चालीत हलवायचा) हक्क शिल्लक असेल तर उघडत नाही, टेबलांत कॅसलिंग धरलेलंच नाही. आँ पासाँ (प्याद्याने प्यादं मारायची खास चाल) मात्र धरलेलं आहे.

आणि दुसरी वेळ, प्रत्यक्ष पटावरची पोझिशनच टेबलात आली. तेव्हा डीटीझेड उघडतं, आपल्या प्रत्येक चालीचा निकाल बघतं, ज्या चालींनी विजय हातात राहतो आणि काउंटरही १०० अर्ध्या खेळ्यांच्या आत राहतो त्याच चाली ठेवतं, बाकीच्या बाद. मग उरलेल्या चालींमध्ये स्टॉकफिश नेहमीसारखा स्वतः शोध घेतो, आणि गंमत म्हणजे या शोधात तो टेबल बंद ठेवतो, म्हणजे मात शोधायला मोकळा. म्हणून थोडा वेळ थांबलात तर २०० जाऊन "मात १९ खेळ्यांत" असं येईल कदाचित.

तर भाच्याला सांगा, पुस्तकही बघतं आणि विचारही करतं. पुस्तक कधी उघडायचं हे ठरवण्यात ज्यांनी ते लिहिलं त्यांची हुशारी आहे.

दादरची_उषा
मी शाळेत गणित शिकवते, बुद्धिबळ फारसं येत नाही पण धागा सोडवत नाहीये. ते पाच उत्तरं कोणती स्नेहल?

स्नेहल_पटावर
उषाताई, जिंकलं, हरलं, बरोबरी ही तीन. चौथं म्हणजे जिंकलंय पण ५० खेळ्यांच्या नियमामुळे बरोबरीत जाईल असं, त्याला कर्स्ड विन म्हणतात, शापित विजय म्हणा. पाचवं त्याची दुसरी बाजू, हरलो होतो पण नियमाने वाचलो. स्टॉकफिशमध्ये एक सेटिंग आहे, नियम धरायचा का नाही, तो आपोआप चालू असतो. चालू असेल तर शापित विजय बरोबरीसारखाच धरतो.

हत्ती_सातव्या_रांगेत
या ५० खेळ्यांवरून दोन गोष्टी सांगतो, माझ्या पिढीने हे सगळं आयुष्यात घडताना बघितलंय.

दोन उंट विरुद्ध घोडा. आमच्या वेळी सगळीकडे लिहिलेलं असायचं की घोड्याने बी७ सारख्या जागी बसून राजा जवळ ठेवला की बरोबरी, १८५१ मध्ये क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी ती पोझिशन दिली होती. १३० वर्षं कोणी शंका घेतली नाही. मग केन थॉम्पसन यांनी टेबल काढलं (हो तेच, युनिक्स बनवणारे) आणि निघालं काय, तर मोजके अपवाद सोडले तर दोन उंट जिंकतात! फक्त घोडा पकडायला ६६ खेळ्या लागू शकतात. यावरून फिडेने (बुद्धिबळाची जागतिक संघटना) काही एंडगेम्सना ५० पेक्षा जास्त खेळ्या द्यायला सुरुवात केली, आणि मग जसजशी टेबलं येत गेली तसतसं कळेना थांबायचं कुठे. शेवटी १९९२ मध्ये सगळ्यांना परत ५०. मला तो निर्णय योग्यच वाटतो, समोर बसलेल्या माणसाला २०० खेळ्या छळण्यात काही अर्थ नाही.

आणि सहा सोंगट्यांत लुईस स्टिलर यांना हत्ती-घोडा विरुद्ध दोन घोडे असं २४३ खेळ्यांचं एंडगेम सापडलं, १९९१ मध्ये. सात सोंगट्यांत मॉस्को विद्यापीठातल्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर २०१२ मध्ये टेबलं केली, मखनिचेव्ह आणि झखारोव्ह यांनी, त्यात ५४९ खेळ्यांची मात निघाली. मी त्यातल्या काही खेळ्या पटावर लावून बघितल्या. राजा इकडे, वजीर तिकडे, परत इकडे. इतकी वर्षं खेळून एकाही चालीचं कारण सांगता येईना. अशा वेळी मान खाली घालून बघत राहावं असं वाटतं.

केतन_न्यूजर्सी
सर, त्याच केन थॉम्पसन यांची ब्राउनबरोबरची पैज सांगा ना. भाच्याला नेमकी तीच हवी.

हत्ती_सातव्या_रांगेत
अरे हो, ती राहिलीच. मामा, हे पोराला नक्की वाचून दाखवा.

१९७७ च्या सुमाराची गोष्ट. वॉल्टर ब्राउन, ग्रँडमास्टर, अमेरिकेचा विजेता. थॉम्पसन यांनी वजीर विरुद्ध हत्तीचं टेबल केलं होतं आणि कॉम्प्युटर हत्तीच्या बाजूने बचाव करणार. ब्राउनने १०० डॉलरची पैज लावली की ५० खेळ्यांत जिंकून दाखवतो. टेबलाप्रमाणे कुठल्याही पोझिशनमध्ये हत्ती पकडायला फार तर ३१ खेळ्या लागतात. तरी ब्राउनला जमलं नाही! कारण कॉम्प्युटर पुस्तकातल्यासारखा बचावच करत नव्हता. आपण शिकतो की हत्ती राजाजवळ ठेवा, तो हत्ती लांब नेऊन ठेवत होता, तिसऱ्या रांगेतून भिंत घालून पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नव्हता. ब्राउनने मग अभ्यास केला, परत आला, आणि दुसऱ्या खेपेला बरोबर पन्नासाव्या खेळीला हत्ती मारला.

अमेरिकेचा विजेता पहिल्या खेपेला जिथे अडकला तिथेच तुमचा १३ वर्षांचा भाचा अडकलाय. गाडीत गप्प बसण्यासारखं काही नाही त्यात.

मामा_भुसावळ
सर काय सांगू, हे ऐकल्यावर पहिल्यांदा हसला तो चार दिवसांत. मनापासून आभार.

रवी_चिंचवड
माझा एक वेगळा अनुभव. मी एक छोटं इंजिन वापरतो, नाव महत्त्वाचं नाही. वजीर आणि प्यादं विरुद्ध नुसता राजा, दोन खेळ्यांत मात दिसत होती मला, आणि ते प्यादं सरकवत बसलं, दुसरा वजीर केला, मग मात. बग आहे ना हा?

स्नेहल_पटावर
बग नाही रवी. ते इंजिन सरळ डीटीझेड वाचून सगळ्यात छोटा आकडा निवडत असणार. दोन खेळ्यांत मात म्हणजे तीन अर्ध्या खेळ्या. प्यादं सरकवलं की लगेच काउंटर शून्य, म्हणजे एकच. त्याच्या दृष्टीने एक हे तिनापेक्षा छोटं. विजय कुठेच जात नाही, फक्त बघायला विचित्र. हरणारी बाजू तर अजून विचित्र वागते, काउंटर शून्य होऊ नये म्हणून समोरची सोंगटी फुकट मिळत असताना घेत नाही.

म्हणूनच आता स्टॉकफिश आकडा आंधळेपणाने पाळत नाही, वर लिहिलं तसं चाळणी लावून मग स्वतः शोधतो.

गार्गी१७
मग माणसाविरुद्ध खेळताना इंजिनने टेबल वापरणं हे चीटिंग नाही का? परीक्षेत उत्तरपत्रिका घेऊन बसल्यासारखं?

केतन_न्यूजर्सी
माणसाविरुद्ध म्हणशील तर मलाही थोडं तसं वाटतं. पण इंजिन विरुद्ध इंजिनच्या टीसीईसी स्पर्धेत तर पोझिशन टेबलात आली की डाव तिथेच थांबवून निकाल देतात, पुढे खेळवण्यात वेळ का घालवायचा. करस्पाँडन्स चेसमध्ये (लांबून चाली कळवत खेळायचं बुद्धिबळ) आयसीसीएफ ही संघटना पण टेबलबेस दाखवून निकाल मागू देतं. म्हणजे जिथे दोन्ही बाजूंना तेच मिळतंय तिथे प्रश्न नाही.

आणि लीलाला शिकवतानाही वापरतात, स्वतःशी खेळलेल्या डावात शेवटी चुकीचा निकाल लागला असेल तर टेबल बघून तो दुरुस्त करून मग त्यातून शिकवतात.

हत्ती_सातव्या_रांगेत
गार्गी, मी उलट म्हणेन. गुकेश आणि डिंगच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला १४ वा डाव आठव, १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. डिंगने हत्ती एफ२ खेळला, हत्ती गेले, मग गुकेशने उंटही बदलायला लावला, नुसते राजे आणि मोजकी प्यादी उरली. इंजिनच्या दृष्टीने तिथे विचार करायचं काही शिल्लकच नव्हतं. पण गुकेशने ते पटावर बसून, पाणी पीत, स्वतःच्या डोक्याने मोजलं. टेबल असल्याने त्याचं मोल कमी झालं का? मला तर उलट कळलं की तो निर्णय शंभर टक्के अचूक होता, साधारण चांगला नव्हे.

दादरची_उषा
मला गणितातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ड्राफ्ट्स म्हणजे चेकर्स हा खेळ २००७ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात पूर्ण सोडवला, दोघे बिनचूक खेळले तर बरोबरी. तिथेही हीच युक्ती, शेवटून दहा सोंगट्यांची टेबलं आणि सुरुवातीकडून शोध, दोन्ही मध्ये भेटले. बुद्धिबळात असं होईल का कधी?

स्नेहल_पटावर
उषाताई, ३२ पैकी सातपर्यंत पोचलोय. आठ सोंगट्यांच्या काही निवडक प्रकारांवर लोकांनी काम केलंय, पण पूर्ण संच नाही. एक सोंगटी वाढली की जागा साधारण शंभरपट, ६ ची १५० जीबी आणि ७ ची १७ टीबी यावरूनच बघा. आपल्या हयातीत नाही.

केतन_न्यूजर्सी
मामा, सेटिंगचं राहिलं. इंजिनच्या ऑप्शन्समध्ये सिझिजी पाथ म्हणून असतं, तिथे फोल्डरचा पत्ता द्या. डब्ल्यूडीएल आणि डीटीझेड वेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर दोन्ही द्या, विंडोजवर मध्ये अर्धविराम. इंजिन सुरू होताना किती टेबलं सापडली ते लिहून येतं, पाचपर्यंत असतील तर १४५, सहापर्यंत असतील तर ५१०. आकडा कमी आला तर फाइल कॉपी होताना तुटलीये असं समजा. प्रोब डेप्थ (शोधाची किती खोली शिल्लक असताना टेबल बघायचं) १ असतो, डिस्क हळू असेल तर वाढवा.

मामा_भुसावळ
आमचा १४५ आला! आता शेवटचा प्रश्न सर, पोराने सराव काय करायचा? टेबल उत्तर सांगतं पण कारण सांगत नाही.

हत्ती_सातव्या_रांगेत
फिलिडोरच्या पोझिशनपासून सुरू करा. पांढरा राजा सी६, वजीर ए५, काळा राजा बी८, हत्ती बी७. इथे काळ्याची चाल असेल तर तो मेला, कारण हत्तीला राजापासून लांब जावंच लागतं. समजा हत्ती बी१ गेला, तर वजीर डी८ शह, राजा ए७, वजीर डी४ शह, राजा ए८, वजीर एच८ शह, राजा ए७, वजीर एच७ शह आणि हत्ती खलास. पण चाल पांढऱ्याची असेल तर? तीच पोझिशन ठेवून चाल काळ्यावर ढकलायची. वजीर ई५ शह, राजा ए७, वजीर ए१ शह, राजा बी८, वजीर ए५. झालं, पोझिशन तीच, चाल काळ्याची.

हे हातात बसलं की टेबलाविरुद्ध खेळवा. हत्ती टेबलाकडे, वजीर पोराकडे, वहीत खेळ्या लिहायच्या. हत्ती मिळाला की मागे जाऊन लिचेसवर बघायचं, डीटीझेड एकदम कुठे वाढला. समजा ३१ वरून ४५ झाला तर त्याच चालीला काहीतरी सोडून दिलं. तिथे थांबून कारण शोधायचं, ते त्याने शोधायचं, तुम्ही सांगायचं नाही.

मामा_भुसावळ
तीन आठवड्यांनी लिहितोय. १४ वेळा खेळला टेबलाविरुद्ध. पहिल्या पाच वेळा ५० च्या वर. मग ४७, ४४, परत ५० च्या वर, ४१. काल रात्री ३६ व्या खेळीला हत्ती मारला आणि ओरडत स्वयंपाकघरात गेला आईला सांगायला.

वहीत त्याने स्वतः लिहिलंय ते जसंच्या तसं टाकतो: "शह दिला की आकडा वाढतो. राजा जवळ आणला की कमी होतो. त्या दिवशी मी नुसते शह दिले." सर, त्याच्या वहीत अजून एक पोझिशन आहे जिथे हत्ती तिसऱ्या रांगेत बसतो आणि याचा राजा दर वेळी तिथेच अडतो, त्याचा फोटो उद्या सकाळी टाकतो, बघाल का?

हत्ती_सातव्या_रांगेत
टाका. पट मांडून ठेवतो.